चार सेकंदांनी बंद पडणारं मशीन

मासेमारीबंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते. यांत्रिक होड्यांना या दोन महिन्यांत समुद्र बंद, म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या हर्णै बंदरात लिलाव बंद, बर्फ बंद, डिझेल बंद, आणि मी जिथे हिशेब बघते ते मच्छीमार सोसायटीचं ऑफिसही जवळपास बंदच. अधूनमधून कुणीतरी दार उघडून पागोळ्यांचं पाणी आत आलंय का ते बघून जातं, तेवढंच. खरी गडबड जुलैच्या शेवटी सुरू होते. होड्या पाण्यात ढकलायच्या आधी डिझेलकोट्याची यादी, सभासदांची येणी, परताव्याचे कागद हे सगळं छापून हातात लागतं. नेमका तेव्हाच ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू होईना.

मेअखेरपर्यंतचे सगळे आकडे पेनड्राइव्हवर घरी होते, त्यामुळे ते जाण्याची भीती नव्हती. पण ज्या प्रोग्राममध्ये ते उघडतात तो याच मशीनवर, आणि प्रिंटरही यालाच जोडलेला. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्याने न बघताच निकाल दिला, "पावसात बंद होतं ना? मदरबोर्ड गेला असणार. जुनं मशीन आहे मॅडम, नवीनच घ्या." चेअरमनकाका म्हणाले, "बघ बाय, तुला काय जमतंय तर. नायतर घेऊ नवा."

मदरबोर्ड म्हणजे आतले सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड. तो गेला हे मला पटत नव्हतं. मे महिन्यात नीट बंद करून ठेवलेलं मशीन. वीज कडाडायच्या आधी प्लग काढलेला. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. मग ते मरेल कशाने? किनाऱ्यावरच्या शाळांची, सोसायट्यांची मशीनं दर पावसाळ्यानंतर "बोर्ड गेला" या एका शेऱ्यावर भंगारात जाताना मी बघत आले आहे. त्यातली किती खरंच मेलेली होती याची आता मला शंका वाटते, म्हणून काय काय केलं ते सविस्तर लिहिते.

सुरुवात भिंतीपासून केली. यूपीएसचं बटण दाबलं तर ते बारीक आवाज करून गप्प झालं. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची शिसं-आम्लाची बॅटरी असते. नुसती पडून राहिली तरी ती हळूहळू उतरते, आणि पार उतरलेल्या अवस्थेत फार काळ राहिली तर पुन्हा नीट चार्ज होत नाही. यूपीएस बाजूला ठेवला आणि मशीन थेट भिंतीच्या सॉकेटवर घेतलं. तरी काही नाही. सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर तो पेटला. बहुतेक जण इथे थांबतात आणि "लाईट आहे, मशीनच गेलं" म्हणतात. पण टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर दाखवतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर तुटलेली असली तरी तो तसाच पेटतो. म्हणून होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब लावून बघितला, तर तो मिणमिणता, थरथरत पेटला. मेन स्विच पाडून सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या स्क्रूभोवती हिरवा लेप चढला होता आणि वायरचं टोक हात लावताच तुटून पडलं. समोरच्या भिंतीवरच्या सॉकेटवर बल्ब लख्ख पेटला, म्हणून मशीन तिकडे नेलं.

तिथे वेगळीच गोष्ट कळली. प्लग लावून कॅबिनेटच्या कडेला बोट लागलं आणि झिणझिण्या आल्या. मशीनच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीची वीज मशीनला लागणाऱ्या कमी दाबात बदलणाऱ्या डब्यात, विजेतली गडबड गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला जोडलेला आणि एक न्यूट्रलकडून. अर्थिंग नसलं की पत्रा या दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि त्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतो. त्यातून वाहणारा करंट अगदी थोडा असतो, पण ती सूचना असते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने ती गांभीर्याने घ्यावी. वायरमनला बोलावलं. मागच्या भिंतीला, समुद्राच्या तोंडावर, अर्थिंगची तार क्लिपेपाशी गंजून सुटली होती. त्याने तांब्याची नवी तार ओढली आणि सांध्याला ग्रीस थापलं. ते होईपर्यंत मी मशीनला हात लावला नाही.

मग बटण दाबलं. पंखे फिरले, समोरचा दिवा लागला, कीबोर्डचे दिवे क्षणभर चमकले, आणि सगळं बंद. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

लोक म्हणतील, आधी सुरूच होत नव्हतं, आता निदान फिरतंय तरी. पण मला हे जास्त कोड्यात टाकणारं होतं. प्लग काढून कॅबिनेटचं झाकण उघडलं तर आतून तळघरासारखा वास आला. पत्र्यावर ओल होती, स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस पूड होती. असं मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघणं बरं नाही, म्हणून ते काम रात्रीपुरतं थांबवलं. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी वापरतात तो जुना पिवळा बल्ब कॅबिनेटपासून हातभर लांब लावून ठेवला आणि वरून सुती चादर अशी टाकली की ती बल्बला लागणार नाही. माझा भाऊ रात्री ऑफिसातच झोपायला होता, म्हणून हे करता आलं. कुणी जवळ नसताना असं करू नये.

ही ओल नुसत्या पावसाची नसते. समुद्रावरचा वारा मिठाचे बारीक कण घेऊन येतो आणि पंखा ते खेचून आत बसवतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. म्हणजे आत प्रत्येक पट्टीवर, प्रत्येक टोकावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर दोन महिने बसून राहतो. मशीन रोज चालू असेल तर आतल्या उष्णतेने तो वाळत राहतो. त्यामुळे रोज राबणाऱ्या मशीनपेक्षा विश्रांती घेणारं मशीन इथे लवकर खराब होतं.

सकाळी आत कोरडं होतं. शेजारच्या पाजपंढरीचा एक मुलगा आहे, आयटीआय करून होड्यांवरचे जीपीएस, फिशफाइंडर आणि वायरलेस सेट दुरुस्त करतो. मला मावशी म्हणतो. मल्टिमीटर त्याच्याकडे होता, म्हणून त्याला बोलावलं. वायरी काढायच्या आधी मी प्रत्येक जोडणीचे मोबाईलवर फोटो काढले. ते परत जोडताना फार उपयोगी पडतात.

ज्याला विचारावं तो "एसएमपीएस गेला" म्हणत होता, म्हणून आधी त्याचीच तपासणी. तो डबा उघडायचा नाही हे पक्कं ठरवलेलं. आत २३० व्होल्टचा एसी सरळ करून सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठवलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ कपॅसिटरमध्ये राहतो. बाहेरूनच पुरेसं कळतं. मदरबोर्डला जाणारा २४ पिनांचा मोठा कनेक्टर काढला. जांभळ्या वायरवर, मशीन बंद असतानाही, प्लग लावला की ५ व्होल्ट यायला हवेत. आले. मग प्लग काढून त्याच कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला यू पिनेने जोडली आणि प्लग लावला. एसएमपीएसचा पंखा फिरला. पिवळीवर १२.१, लालवर ५.१, नारिंगीवर ३.३. यात पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळी ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असली तरी ठीक. अर्थात हे बिनओझ्याचं मोजमाप. खांद्यावर ओझं नसताना कुणीही ताठ उभा राहतो.

म्हणून कनेक्टर परत लावला, डीव्हीडी ड्राइव्ह आणि हार्डडिस्क सोडवून ठेवली, आणि मशीन चालू होताना दाब किती राहतो ते बघायला त्या मुलाने मोकळ्या राहिलेल्या एका कनेक्टरच्या पिवळ्या वायरवर मीटर धरला. मी बटण दाबलं. ११.९. आकडा हलला नाही. ११.९, ११.९, ११.९, आणि एकदम शून्याकडे. शेवटच्या क्षणापर्यंत दाब कमी झाला नव्हता. दम लागलेला एसएमपीएस असा थांबत नाही.

मग त्याने मीटरचं टोक कनेक्टरच्या मागच्या बाजूने हिरव्या वायरला टेकवलं. त्या दिवसातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. हिरवी वायर म्हणजे बोर्डाने एसएमपीएसला द्यायचा हुकूम. मशीन बंद असताना तिच्यावर ५ व्होल्टच्या आसपास असतात. बोर्ड ती शून्यावर खेचतो तेव्हा एसएमपीएस सुरू होतो, आणि बोर्डाने सोडली की बंद. एसएमपीएस स्वतः घाबरून बंद पडला असता तर हिरवी वायर खालीच राहिली असती. आमच्याकडे काय झालं? बटण दाबताच ती शून्याजवळ आली, तिथे थांबली, आणि मशीन बंद होताना परत ५ वर गेली. म्हणजे बंद करण्याचा हुकूम बोर्डानेच दिला होता.

आता शोध एकदम अरुंद झाला. बोर्ड असा हुकूम दोनच मोठ्या कारणांनी देतो. एक, प्रोसेसर भयंकर तापला. दोन, कुणीतरी बटण दाबून धरलंय. तापण्याचं असेल तर वेळ सारखी राहत नाही. पहिल्यांदा जास्त चालेल, लगेच पुन्हा लावलं तर लवकर बंद पडेल, कारण ते अजून गरमच असतं. आम्ही मोबाईलवर वेळ लावून बघितली. दर वेळी चार सेकंदांच्या जरा पुढे. प्रोसेसरची उष्णता काढणाऱ्या हीटसिंकला हात लावला तर थंडगार. आणि बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं की मशीन सक्तीने बंद होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. अडकलेलं मशीन आपण तसंच तर बंद करतो.

"मावशी," तो म्हणाला, "होडीवर काय बंद पडला तर आम्ही सेट नाय उघडत. आधी स्विच, मग फ्यूज, मग वायरींची टोकं. सेट सगळ्यात शेवटी. खाऱ्या वाऱ्यात हलणारी वस्तू आधी जाते."

कॅबिनेटच्या तोंडावरचा प्लास्टिकचा मुखवटा काढला. मोठ्या दिसणाऱ्या बटणामागे नखाएवढा काळा चौकोनी स्विच असतो, दोन पायांचा. त्याच्या पायांवर मोरपिशी रंगाची पूड होती. वरचं टोक दाबलं तर आत गेलं आणि तिथेच बसलं. सोडल्यावर इतकं हळू वर आलं की डोळ्यांना ते वर येताना दिसत होतं. जोड असला की मीटर वाजतो, त्या खुणेवर ठेवून तो दोन पायांना लावला. दाबलं, वाजला. सोडलं, तरी वाजतच राहिला. टोक पूर्ण वर आल्यावरही तो थोडा वेळ कुरकुरत होता. आमचं बोट कधीच निघालं होतं, पण बोर्डाच्या दृष्टीने ते अजून बटणावरच होतं.

मदरबोर्डच्या कोपऱ्यावर जिथे या स्विचची बारीक जोडवायर येते तिथे त्या टोकावर "पॉवर एसडब्ल्यू" असं छापलेलं असतं. ते टोक उपटलं आणि उघड्या पडलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवला. मशीन सुरू झालं. चार सेकंद गेले. दहा गेले. मिनिट गेलं. पंखा फिरत राहिला. मी मोठ्याने हसले आणि बाहेर जाळं विणत बसलेले दोन तांडेल आत डोकावले.

पडद्यावर मात्र अंधार होता, आणि कॅबिनेटमधून लांब बीप थांबून थांबून येत होती. ही बीप मला आनंदाची वाटली. बीप देतो म्हणजे प्रोसेसर काम करतोय, बोर्ड स्वतःची तपासणी करतोय, आणि त्याला काहीतरी सापडत नाहीये. कोणत्या बीपचा काय अर्थ हे बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना बोर्डावर सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या कंपनीवर ठरतं, पण अशी लांब, परत परत येणारी बीप बहुधा रॅमकडे, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीकडे बोट दाखवते. प्लग काढून रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी दातांवर डाग पडले होते, जुन्या पितळी भांड्यावर पडतात तसले. खोडरबराने घासणं हा सगळीकडचा उपाय आहे आणि तो चालतोही, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसलं आणि जे डाग उरले तेवढ्यांवरच खोडरबर हलक्या हाताने फिरवला. भुगा झटकला, स्लॉट नव्या मऊ ब्रशने साफ केला, पट्टी दोन्ही बाजूंनी टक असा आवाज येईपर्यंत बसवली. पडदा उजळला.

तिथून पुढचं पटपट झालं, पण त्यातली एक जागा मुद्दाम सांगायला हवी. पडद्यावर आलं की तारीख-वेळ सेट नाही. बोर्डावरची गोल बॅटरी, सीआर२०३२, ३ व्होल्टची असते. आमची २.३ दाखवत होती. घड्याळाच्या दुकानातून नवी आणून बसवली, तारीख घातली, हार्डडिस्क परत जोडली. विंडोज सुरू व्हायला लागलं, निळा पडदा आला आणि मशीन परत पहिल्यापासून. इथे पुष्कळ जण विंडोज उडवून नव्याने टाकतात आणि जुन्या प्रोग्रामची नोंदणी वगैरे सगळं घालवून बसतात. कारण साधं असतं. बॅटरी उतरली की बायोसमधल्या निवडी कारखान्यातल्या मूळ जागी जातात. आमचा बोर्ड एच६१ जातीचा, दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचा. असल्या जुन्या कित्येक बोर्डांत हार्डडिस्कशी बोलण्याची मूळ निवड आयडीई ही जुनी पद्धत असते. आमचं विंडोज मात्र एएचसीआय या नव्या पद्धतीवर टाकलेलं. बायोसमध्ये जाऊन साटा मोडसमोर, म्हणजे ही पद्धत ठरवतात त्या ओळीसमोर, एएचसीआय निवडलं, सेव्ह केलं, आणि विंडोज आमच्या नेहमीच्या चित्रासकट उघडलं. सोसायटीचे हिशेब, मे महिन्यात जसे ठेवले होते तसे.

पॉवरचा स्विच टाकून दिला. शेजारी रिसेटचं बटण होतं, ते कधी कुणी वापरलेलंच नव्हतं. मीटरवर तपासलं, दाबलं की वाजत होतं आणि सोडलं की लगेच गप्प होत होतं. त्याची वायर पॉवरच्या पिनांवर लावली. आता आमचं मशीन रिसेटच्या बटणावर सुरू होतं, तशी चिठ्ठी वर चिकटवली आहे. ज्यांच्या कॅबिनेटला रिसेट नाही त्यांनी दाराच्या बेलचं साधं बटण लावलं तरी चालतं, कारण तेही दाबलं की जोडतं आणि सोडलं की तोडतं. एक गोल बॅटरी आणि थोडं अल्कोहोल, एवढाच मशीनचा खर्च झाला. अर्थिंगच्या तारेला त्याहून पुष्कळ जास्त लागले, पण ते कधीतरी करायचंच होतं.

त्यानंतर काही सवयी बदलल्या. कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीखाली होतं, ते आतल्या भिंतीला नेलं. प्लास्टिकचं आवरण काढून टाकलं, त्यात ओल कोंडते. आणि बंदीच्या काळात ऑफिस उघडलं की मशीन तास-दोन तास चालू ठेवायचं, काम असो वा नसो. चेअरमनकाकांना हे विजेचं उगाच बिल वाटलं होतं. मी त्यांना तो हिरवा झालेला स्विच दाखवला. त्यांनी तो बोटांत धरून दाबला, तो वर येईपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "ह्या एवढ्याश्याच्या पायी नवा घेत होतो आपण?"

गेल्या ऑगस्टमध्ये खाडीपलीकडच्या एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांचंही मशीन सुरू होत नव्हतं आणि त्यांनाही बोर्ड गेल्याचं सांगण्यात आलं होतं. मी पहिलं विचारलं, किती सेकंदांनी बंद होतं? त्या म्हणाल्या, सेकंद कसला, पंखा नुसता हिसका देतो आणि थांबतो. म्हणजे हे वेगळं दुखणं होतं. असा हिसका बहुधा कुठेतरी शॉर्ट असल्याचा, एसएमपीएस चालू होताहोता स्वतःला आवरतो. त्यांना म्हटलं, दर वेळी आधी प्लग काढा आणि मग हार्डडिस्क, डीव्हीडी, पुढचे यूएसबी, एकेका जोडणीची वायर सोडवून बघा. संध्याकाळी त्यांचा निरोप आला. पुढच्या यूएसबीची वायर बोर्डावरून काढल्यावर मशीन सुरू झालं होतं. त्या खोबणीत काय आहे ते टॉर्च मारून बघा म्हणून मी कळवलं. आत दोन पत्र्या वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या.